वेलावर राखलेला भोपळा

आज सकाळी परड्यात शेण्या, म्हणजे गोवऱ्या, वाळायला उलटत बसले होते, तर विहिरीकडनं आवाज आला, ढबाक! पाठोपाठ दुसरा, आणि मग पोरांचा कालवा. मी हातातली शेणी हातातच धरून ऐकत राहिले. म्हटलं, चला, आला उन्हाळा. टीव्हीवाले रोज आकडे सांगतात, आज इतकं तापलं, उद्या तितकं तापणार. मला त्यातलं काही कळत नाही. आमच्या गावात उन्हाळा आधी कानाला येतो, मग अंगाला लागतो. पहिलं पोरगं विहिरीत उडी टाकतं, तो उन्हाळ्याचा पहिला दिवस.

हात धुऊन घरात आले आणि आधी आढ्याकडं बघितलं. तिथं सुतळीच्या शिंक्यात एक भोपळा टांगलाय, दुध्या भोपळा, वाळून खडंग झालेला. काठीनं जरा ढोसला. आत बी खुळखुळलं. जीव थंड झाला.

भोपळा म्हटल्यावर तुम्हाला भाजी आठवली असेल. हा खायचा नव्हे, हा पोहायचा. ज्यांचं बालपण नळाच्या पाण्यात गेलं त्यांच्यासाठी सांगते. दुध्या कोवळा असताना खातात हे सगळ्यांना ठाऊक. पण वेलावर एखादा तसाच राखला, तोडलाच नाही, तर तो मोठा होतो, पिवळा पडतो, मग वेल वाळतो तसा हाही वाळतो. साल लाकडासारखी होते, आतला गर सुकून जातो, राहतं फक्त बी आणि वारा. असला भोपळा धडप्यात गुंडाळून पाठीला बांधला की माणूस बुडत नाही. पाणी त्याला खाली घेतच नाही. आमच्या भागातली कितीतरी माणसं अशी भोपळ्याच्या पाठीवर, की भोपळा पाठीवर घेऊन, पोहायला शिकली.

माझं माहेर गडहिंग्लजकडचं, हिरण्यकेशीच्या काठाचं. शेजारी कानडी घर होतं. तिथल्या अक्कव्वा दुध्याला सोरेकाय म्हणायच्या, आणि आम्ही सोरेकाय म्हटलं की हसून पदरातल्या शेंगा द्यायच्या. तर आमच्या वडिलांची एक रीत होती. घरातलं पोरगं पोहायच्या वयाचं झालं की त्याच्या नावानं वेलावर एक भोपळा राखायचा. त्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे कुणी चुकून तोडू नये. उन्हाळ्यात त्यावर पोरगं शिकायचं. आणि ज्या दिवशी ते भोपळा सोडून विहिरीचा फेरा मारून येईल, त्या दिवशी विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या दगडी जागेवर, तो भोपळा फोडायचा, त्यातलं बी त्याच पोरानं वाळवायचं आणि मिरगात, पावसाच्या तोंडाला, त्याच पोरानं पेरायचं. त्या वेलाला मग त्याचंच नाव.

मला भाऊ तीन. थोरल्याचा वेल गोठ्यावर, मधल्याचा कुडावर आणि धाकट्या दत्तूचा वेल कुणाचं न ऐकता शेवग्याच्या झाडावर चढलेला. आई चुलीपुढनं हाक मारायची, "सुशे, दत्तूच्या वेलाचा दुध्या काढून आण गं." आमच्या घरात भाजी अशी नावानं यायची. ताटात वाढताना सुद्धा, "हा थोरल्याचा हाय, गोड लागतोय." मेलं, एकाच बीचे सगळे! गोड काय नि कडू काय. पण थोरल्याची मान तेवढी ताठ व्हायची.

मी काय करायचे? मी पायरीवर बसायचे. भावांची कापडं राखायची, भाकरीचं गठुळं राखायचं, कावळा आला तर हाकलायचा. मला कुणी रागावलं नाही, कुणी मारलं नाही, पोहू नको असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. फक्त माझ्यासाठी कधी भोपळा राखला नाही.

ते मनात कुठंतरी तसंच राहिलं. दुखत नव्हतं बरं का. कपाटावर मागं सरकवून ठेवलेल्या डब्यासारखं होतं. रोज दिसत नाही, पण आहे हे ठाऊक असतं.

लग्न होऊन मी इकडं आले, कोल्हापूरच्या पश्चिमेला, रंकाळ्याच्या पुढं भोगावतीच्या अंगाला. इथं तर घरचीच विहीर. घडीव दगडाची, पायऱ्यांची, वर जांभळीचं झाड वाकलेलं. आमचे मालक त्या विहिरीत माशासारखे, आणि भोपळा राखायची रीत इथंही तीच. मी त्या विहिरीवर काय केलं नाही सांगा! घागरी भरल्या, वाकळा धुतल्या, पोरांची बाळोती धुतली, सुगीत मळणीवरनं येऊन हातपाय धुतले. पायरी न पायरी पायाला पाठ. कुठली शेवाळानं निसरडी, कुठल्या दगडाला खाच, कुठल्या कपारीत पारव्याचं घर. पण गुडघ्याच्या वर ते पाणी मला कधी लागलं नाही.

काही वर्षांमागचा उन्हाळा आठवला की मला अजून पाण्याचा वास येतो, म्हणून हे सगळं पाल्हाळ.

त्या उन्हाळ्याच्या आधी, पावसाळ्यात, लेक-सून आणि नात पुण्याचं बिऱ्हाड मोडून गावी राहायला आली. लेकाला शिरोलीत एका फाउंड्रीत नोकरी लागली, मोटारसायकलनं जाऊन येऊन करतो. सून पल्लवी, माहेर शिवाजी पेठेतलं. कोल्हापुरी बायकांसारखी 'येतो, जातो' बोलणारी, आम्हाला आत्ती-मामा म्हणणारी, बोलायला खणखणीत, मनानं साखर. नात सई, तेव्हा नऊ वर्षांची. सई येणार म्हणून मालकांनी वेलावर दोन भोपळे राखले होते. एक जातिवंत निघाला नाही तर दुसरा असावा म्हणून. दोन्ही देठांना चिंध्या बांधल्या. त्या चिंध्यांचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून नव्या माणसाला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मी आणि मालक एका बारशाला गेलो होतो. परत आलो तर घरभर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास. पल्लवीनं दुध्याचा हलवा केला होता. आणि काय हलवा! मालकांनी दोनदा मागून घेतला. बोटं चाटत म्हणाले, "पोरी, हाताला चव हाय तुझ्या. दुध्या कुठला आणलास?"

"आणतो कशाला, मामा? आपल्याच वेलाचा की. केवढा मोठा झालेला! साल इतकी निबर, कोयत्यानं फोडला शेवटी. कुणीतरी चिंधी बांधून विसरून गेलेलं, वायाच गेला असता."

मालकांचा हात ताटात तसाच राहिला. उठले, परड्यात जाऊन वेल बघून आले, आणि दारातच उभं राहून म्हणाले, "आज आपण सगळ्यांनी मिळून पोरीचं पोहणं खाल्लं."

मला हसू आवरेना. पल्लवीला आधी काही कळेना आणि कळल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. "आत्ती, मला काय माहीत? आमच्या पेठेत भोपळ्यावर कोण पोहतंय!" मी म्हटलं, "असू दे गं, एक हाय की अजून." पण मग त्या घरात हलव्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. लेक मुद्दाम विचारायचा, "आज काय गोड करणार? पोहण्याची खीर का उडीचे लाडू?" आणि ती लाटणं घेऊन मागं लागायची.

तर असा एक भोपळा उरला, वाळला, आढ्याला टांगला गेला, आणि उन्हाळा आला.

आमच्याकडचा उन्हाळा लोक उगीच बदनाम करतात. ऊस तुटून गेलेला असतो, म्हणून रान मोकळं होतं आणि नजर लांबवर जाते, पार पन्हाळ्याच्या डोंगरापर्यंत. खोडव्याला, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यांना, पाणी पाजलं की कोवळी हिरवी पात अशी वर येते की उन्हालाही गार वाटावं. बांधावरचा रायवळ आंबा, कुणाचा लावलेला कुणाला ठाऊक नाही, खाली टपाटप टाकत असतो. डोंगराकडच्या बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन येतात. उन्हाळी भुईमूग भरत आलेला असतो, आणि एखादा डहाळा उपटून बघितल्याशिवाय कुणाला राहवत नाही. आणि सगळ्याच्या मध्ये ती विहीर. वर ऊन रणरणतंय आणि खाली तिच्या पोटात गारवा साठवलेला.

सईचं शिकणं सकाळच्या कोवळ्या उन्हात सुरू झालं. पाठीला भोपळा, कमरेला बैलाचा कासरा, कासऱ्याचं टोक मालकांच्या हातात. मालक थारोळ्यावर उभे राहून ओरडायचे, "पाय मार, पाय! वरवंटा हायस का तू?" सई पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं, आणि आठवडाभरात तिला विहिरीतनं बाहेर काढायला ओरडावं लागायला लागलं. जांभळं पाण्यात पडायची. सई त्यांच्या मागं पोहायची आणि जांभळ्या जिभेनं मला वेडावून दाखवायची.

आणि पाण्यातनं वर आल्यावरची ती भूक! मी भाकरी घेऊन जायचे. जोंधळ्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, गाडग्यातलं दही, आणि मुठीनं फोडलेला जवारी कांदा. घरात भाजीला नाक मुरडणारी पोरगी खर्ड्यानं डोळ्यातनं पाणी काढत दोन भाकरी खायची. पल्लवी बघतच राहायची. "आत्ती, हिला पुण्यात घास भरवत फिरायचो मी, गॅलरीत चिमणी दाखवून!" मी म्हणायचे, "हितं चिमणी न्हाय, विहीर दाखवायची."

एक दिवस सई ओल्या केसांनी माझ्याजवळ पायरीवर बसली होती. शेंगा फोडून देत मी तिला माहेरच्या गोष्टी सांगत होते. थोरल्याचा वेल गोठ्यावर, मधल्याचा कुडावर, दत्तूचा शेवग्यावर. ती ऐकत होती. मग तिनं सरळ विचारलं, "आणि आज्जी, तुझा वेल कुठंय?"

मी म्हटलं, "माझा न्हवता बाळा. मी कापडं राखायची."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मांडीकडं. मांडीवर तिचा कोरडा फ्रॉक, टॉवेल आणि भाकरीचं फडकं. आणि मलाच एकदम दिसलं. इतकी वर्षं झाली, नदी बदलली, विहीर बदलली, केस पांढरे झाले, आणि मी अजून पायरीवर बसून कापडंच राखतेय.

जेवताना मी म्हटलं, "मी बी उतरतो विहिरीत."

मालकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कशाला? काय पडलंय का तुझं?"

"माझा वेल पडलाय."

त्यांना वाटलं मला ऊन लागलं. मग मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना हे कधी बोललेच नव्हते, कारण बोलण्यासारखं ते मलाच कधी वाटलं नव्हतं. त्यांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "गुडघं बघ तुझं. पायऱ्या उतरताना कुरकुरत्यात."

"पाण्यात कुठं पायऱ्या हायत?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते गोडेतेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन आले, बूच घट्ट लावलेला. आता सगळी पोरं त्यावरच शिकतात, कॅन नाहीतर ट्यूब. "घे, भोपळ्यापरास चांगला. फुटायचं भ्या न्हाय."

मी तो कॅन परत त्यांच्या हातात दिला. "फुटायलाच पायजे की! ह्यो फोडला तर आतनं बी निघणार हाय व्हय?"

आता खरी अडचण कळली सगळ्यांना. भोपळा एक, आणि शिकणाऱ्या दोघी. सईला जवळजवळ यायलाच लागलं होतं. ती जमली की रीतीप्रमाणं भोपळा फोडायचा. मग माझ्यासाठी काय उरणार? नवा राखायचा म्हणजे पुढचा उन्हाळा. आणि आमच्या वयाला पुढचा उन्हाळा म्हणजे, असेल तर असेल. पल्लवी हळूच म्हणाली, "आत्ती, तो हलवा मी केला नसता तर..." मी म्हटलं, "तर हलवा मिळाला नसता. गप बस."

सई म्हणाली, "आपण वाटून घेऊ. आधी मी, मग आज्जी."

असं ठरलं. सकाळी आधी सईचा फेरा, मग तोच ओला भोपळा माझ्या पाठीला. मी पल्लवीचा जुना पंजाबी ड्रेस घातला. जन्मात पहिल्यांदा! आरशात बघायचं धाडस झालं नाही. शेजारच्या रानातली हौसा, माझी मैत्रीण, वैरण कापायला आली होती. तिनं बांधावरनं बघितलं आणि विळा टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं सुशाक्का, काय हे? परदेशातनं बोलावणं आलंय का काय पोहायला?"

"आलंय की. तुलाबी घिऊन या म्हणालेत."

"मला नको बाई. मी बुडली तर आमचं म्हातारं दुसरी करील."

"ते कुठलं करतंय! त्याला चहा तरी करता येतोय का?"

हसून हसून तिचं पोट दुखलं. पण दुसऱ्या दिवसापासनं तीच विहिरीच्या वाटेवर बसायची आणि कुणी गडीमाणूस येताना दिसला की लांबनंच ओरडायची, "पावणं, माघारी फिरा, विहिरीवर बायका हायत!"

पहिल्यांदा पाण्यात उतरले ते मी शब्दात कसं सांगू? गुडघ्यापर्यंतचं पाणी ओळखीचं होतं. मांडीला लागलं तसा श्वास अडकला. कमरेला आलं तसं वाटलं, मागं फिरावं. वरचं पाणी कोमट, उन्हानं तापलेलं, आणि खाली पायाला एकदम दुसरंच, गार, जुनं, जणू मागच्या पावसाळ्याचं. त्या पाण्याला वास होता. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, पडलेल्या जांभळाचा. मालकांनी कासरा धरलेला. "सोड पायरी," ते म्हणाले. मी कुठली सोडते! दोन दिवस मी पायरीला पाल चिकटावी तशी चिकटून होते. तिसऱ्या दिवशी सईनं येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

आणि मी तरंगले! भोपळ्यानं मला असं उचललं, जसं लहानपणी बापानं काखेत धरून उचलावं. अंगाला वजनच नाही. कुरकुरणारे गुडघे एकदम मुके झाले. उताणी झाले तर वर विहिरीएवढं गोल आभाळ, त्यात जांभळीची एक फांदी, फांदीला मागच्या साली सुगरणीनं सोडून दिलेला खोपा हलत होता, आणि त्याच्यावर एक खंड्या बसलेला, निळाशार. कान पाण्यात होते, त्यामुळं मालकांचं ओरडणं ऐकूच येत नव्हतं. एवढी शांतता मला देवळातसुद्धा मिळाली नाही. मला एकदम भरून आलं. हे सगळं इथंच होतं. घरापासनं हाकेच्या अंतरावर, माझ्या वाकळा धुतल्या जात होत्या तेव्हाही असंच होतं. आभाळ गोल होतं, पाणी गार होतं, कुणी मला नको म्हणत नव्हतं. मी देवाचे आभार मानले, मग विहीर खणणाऱ्या सासऱ्यांच्या वडिलांचे मानले, मग भोपळ्याचे.

त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. पल्लवीनं न विचारता चौथी वाढली.

उन्हाळा चढत गेला. सई भोपळा सोडून फेरा मारून आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीतीप्रमाणं मालकांनी भोपळा थारोळ्यावर ठेवला, दगड उचलला. सईनं धावत येऊन भोपळ्यावर आपलं अंगच टाकलं.

"आज्जा, नाही फोडायचा! ह्यात आज्जीचं पण बी आहे."

मालकांनी दगड खाली ठेवला.

आता मात्र माझ्या जिवाला घोर लागला. पोरीचा मान माझ्यासाठी अडकून राहिला होता. आणि मला भोपळ्याशिवाय येईना. पाय मारता यायचे, हात मारता यायचे, पण पाठीवरनं भोपळा सुटणार म्हटलं की सगळं विसरायचे. तिकडं वळीव सुरू झाले. दुपारनंतर आभाळ काळं व्हायचं, मातीचा लोट उठायचा, गारा पडायच्या. मालक म्हणायचे, "एकदा मोठा पाऊस झाला की रानाचं पाणी आत उतरंल, गढूळ हुईल, मग आत उतरायचं न्हाय." मिरग तोंडावर आलेला. बी पेरायचं तर मिरगातच. भोपळ्यालाही दगडाला घासून घासून एक बारीक चीर गेली होती. पाणी आत गेलं तर बी कुजणार.

शेवटी एका सकाळी आभाळ दाटून आलं. वारा पडलेला, पारवे कपारीत गप्प. मी पाण्यात होते. मी पायरीजवळ आले आणि म्हटलं, "सोडा पाठीवरनं."

मालक म्हणाले, "बघ बाई. घाई करू नगंस."

"कासरा कमरेला असू दे. पण वढायचा न्हाय. वढलासा तर वेल तुमचा, माझा न्हवं."

सईनं गाठ सोडली. पाठ एकदम उघडी पडल्यासारखी झाली. पलीकडच्या भिंतीला मोटारीचा पाइप. तिथपर्यंत जायचं, त्याला हात लावायचा आणि परत यायचं, हाच आमच्या विहिरीचा फेरा. मी पायरी सोडली. काय केलं, कसं केलं, मला सांगता येणार नाही. नाकात पाणी गेलं, डोळे मिटले, आणि हाताला पाइपचं गार लोखंड लागलं.

तिथं मी त्याला मिठी मारली आणि परत यायलाच तयार होईना. मधलं पाणी काळं दिसत होतं. वर मालक कासरा हातात धरून उभे, चेहरा पांढरा पडलेला, पण ओढला नाही. सांगितलेलं पाळलं त्यांनी. सई माझ्याजवळ पोहत होती आणि म्हणत होती, "आज्जी, चल ना, मी आहे."

तेवढ्यात पलीकडं बघितलं तर पल्लवी. जन्मात पाण्याला न शिवणारी ती पोरगी. माहेर रंकाळ्याच्या इतकं जवळ, भाऊ रोज पोहायला जायचे आणि ही काठावर भेळ खायला. ती साडीसकट पायऱ्या उतरून मांडीभर पाण्यात उभी होती. शेवटच्या पायरीवर. एका हातानं कपारीतला दगड धरलेला, दुसरा हात माझ्याकडं केलेला, आणि सगळ्या शिवारात ऐकू जाईल असं ओरडत होती, "आत्ती, या! मी धरतो! या की!"

तिला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. ते मला इतक्या लांबनंसुद्धा दिसलं. मी पाइप सोडला.

तिचा हात हाताला लागला तेव्हा पहिला टपोरा थेंब पाण्यावर पडला. आम्ही दोघी पायरीवर बसून आधी हसलो, मग रडलो, मग परत हसलो. हौसा वरनं ओरडत होती, "झालं का गं? जिवंत हाय का सुशाक्का?" मालकांनी कासरा गुंडाळला आणि म्हणाले, "मी बघतच न्हवतो." मग डोळे पुसले, पावसाच्या नावानं.

भोपळा मी आणि सईनं एकाच दगडानं फोडला. चार हातांनी. आत पांढरं, सुकं, कापसासारखं, आणि त्यात बी. निम्मं तिचं, निम्मं माझं. सईनं आपलं बी गोठ्याच्या कडेला पेरलं. माझं बी मी पल्लवीच्या हातात दिलं. "तू पेर," म्हटलं. ती म्हणाली, "आत्ती, माझ्या हातानं? मी तर कापणारी." मी म्हटलं, "म्हणून तर."

श्रावणात वेल चढला. गौरीच्या दिवसांत पहिला कोवळा दुध्या निघाला. हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली, सालींची तीळ घालून चटणी केली. ताट वाढताना पल्लवी सईच्या बाबाला म्हणाली, "घ्या, सुशाक्काच्या वेलाचा हाय." मी चुलीकडं तोंड करून बसले होते. बरं झालं, तोंड तिकडं होतं.

तेव्हापासनं दर साली त्या वेलाचं बी पुढं चाललंय. खाऊन उरतात तेवढे दुध्ये हौसाला जातात, शेजारी जातात, पेठेत पल्लवीच्या माहेरी जातात. सई आता मोठी झाली, विहिरीत वरनं सूर मारते आणि मला धडकी भरवते. मीही उतरते अजून. फेरा जमतोच असं नाही, कधी नुसती तरंगते. गोल आभाळ बघते.

मागच्या साली वेल फळांनी लवला तेव्हा मी त्यातला एक डौलदार बघून देठाला चिंधी बांधली. कुणाला काही सांगितलं नाही. पण या खेपेस चिंधीचा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता. सगळे एकमेकांकडं बघून हसले. एक जण तेवढी हसली नाही. "मी न्हाय हं, आत्ती," ती म्हणाली, "आधीच सांगतो."

आज सकाळी तो विहिरीतला आवाज ऐकून मी भोपळा काठीनं ढोसला, तेव्हा पल्लवी मागं येऊन उभी होती. माझाच तो जुना, म्हणजे मुळात तिचाच, पंजाबी ड्रेस घातलेला. तिनं स्टूल आणलं आणि शिंकं खाली घेतलं.

वाटेवर हौसा बसलेली होती, विळा मांडीवर. तिनं पल्लवीच्या पाठीकडं बघितलं आणि विचारलं, "का गं, कुणाच्या वेलाचा भोपळा ह्यो?"

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या मागनं चालत होते. माझ्या हातात तिचे कोरडे कपडे होते, टॉवेल होता, आणि फडक्यात भाकरी.

"सुशाक्काच्या," ती म्हणाली, आणि पायरी उतरली.